सायलेन्सरवरचा बंब

नृसिंहनं तो कागद माझ्या टेबलावर, ॲसिडच्या बाटलीला टेकवून ठेवला आणि म्हणाला, "ताई, वाचा. आन मला एवढंच सांगा, ह्याच्यावर सही करून माणूस घरात जेवायला बसतो कसा?"

कागद छापील होता. ‘गाडी क्रमांक ४४१७ मधील डिझेलच्या तुटीस मी जबाबदार आहे. यापुढे असे होणार नाही.’ खाली सहीसाठी रेघ आणि तारखेची जागा. चोरी हा शब्द त्यात कुठंच नव्हता. ज्यानं कोणी तो लिहिला होता तो हुशार होता, आणि असल्या हुशारीची मला पहिल्यापासून चीड आहे.

नृसिंह खोत शाहूवाडीच्या डोंगरातून दूध गोळा करणारा टेम्पो चालवतो. पहाटे पाचला आपल्या गावातून निघतो, बावीस संकलन केंद्रांवर थांबतो, कॅन चढवतो आणि नऊच्या आत मलकापूरच्या शीतकरण केंद्रावर दूध पोचवतो. गाडी कंपनीची, डिझेलही कंपनीचं. बारा वर्षांत त्याच्या गाडीत एक कॅन नासलेला नाही. आता कंपनीच्या नव्या संगणकानं शोध लावला होता की जी गाडी लिटरला साडेबारा किलोमीटर जायची ती अकराच्याही खाली आली आहे. म्हणजे मधलं डिझेल नृसिंहनं काढून विकलं.

"सही केली तर नोकरी ऱ्हाती म्हणत्यात," तो म्हणाला. "न्हाय केली तर पोलिसात जाणार. आठ दिवस दिल्यात. दुसऱ्या गाड्यांवरच्या उदयसिंह आन मोहितनं मागल्या आठवड्यातच केली सही."

"ते दोघं चोर हायत?"

"छ्या. घाबरली बिचारी."

"आणि तू?"

"अनुजा गावातल्या केंद्रावर दूध मापून घेती, ताई. रोज साठ बायका तिच्यासमोर किटली धरत्यात. मी सही केली की त्या मापाकडं बगणार न्हाईत, तिच्या तोंडाकडं बगणार. मी सही करत न्हाय."

हे तो ओरडून बोलला नाही. आमच्याकडं लोक साधं पाणी मागतानाही ओरडतात, त्यामुळं तो हळू बोलला याचीच मला धास्ती वाटली.

आमचं दुकान उद्यमनगरात आहे, ‘बाळासो रेडिएटर वर्क्स’. बाळासो म्हणजे माझे वडील, आण्णा. वय चौऱ्याहत्तर, दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झालेली, तरी रोज सकाळी दारातल्या स्टुलावर बसून माझं काम चुकतंय का ते पाहतात. मी संयोगिता. भावाला हात काळे करायचे नव्हते, तो पुण्याला गेला. मला करायचे होते, मी राहिले. गेली अठरा वर्षं गळक्या रेडिएटरला डाग, म्हणजे झाळ, मी देते आणि शहाणपण आण्णा देतात.

दुकानाच्या दारावर एक तोरण आहे. तसलं दुसरं अख्ख्या कोल्हापुरात नसेल. गाड्यांमधून काढलेले थर्मोस्टॅट वॉल्व्ह तारेत ओवलेले, दीडशेच्या वर. रुपयापेक्षा जरा मोठी पितळी चकती, मध्ये स्प्रिंग. इंजिनाकडून रेडिएटरकडं जाणाऱ्या पाण्याच्या वाटेवर ती बसते. आण्णांचं मत असं की हा वॉल्व्ह परदेशातल्या बर्फासाठी केलेला आहे, आपल्याकडं तो नुसता पाणी अडवतो आणि इंजिन तापवतो. म्हणून कुठलीही गाडी तापून आली की रेडिएटर साफ करायचा, वॉल्व्ह काढून टाकायचा, त्यावर खिळ्यानं गाडीचा नंबर कोरायचा आणि तारेत ओवायचा. "पुन्ना तापली तर मिशी काढून देतो," असं आण्णा गिऱ्हाइकाला सांगतात. मिशी अजून शाबूत आहे, आणि तोरण दर वर्षी हातभर वाढतं.

दुसऱ्या दिवशी मी नृसिंहला घेऊन त्याच्या साहेबाला भेटायला गेले. राजवर्धन नाव, जयसिंगपूरचा, अठ्ठावीस वर्षांचा, इस्त्रीचा शर्ट. वागायला वाईट नव्हता. चहा मागवला आणि टॅबवर एक रेघ दाखवली. रेघ बरेच महिने सरळ चालली होती आणि एप्रिलात एकदम खाली उतरली होती.

"एप्रिलपासून रोज एक लिटरचा फरक आहे, ताई," तो म्हणाला. "आणि एप्रिलमध्येच यांनी दुसरी म्हैस घेतली. मी आरोप करत नाही. आकडे करतात."

"मग आकड्यांनाच सही करायला सांगा की."

तो हसला नाही. मलाही हसवायचं नव्हतं.

"आठ दिवसातला एक गेला," मी म्हणाले. "सात दिवस गाडी दूध टाकून रोज माझ्याकडं येऊ दे. संध्याकाळची फेरी तुमची दुसरी गाडी करतीच. मी बगतो डिझेल कुठं जातंय ते." आमच्याकडं बायकाही करतो-बघतो म्हणतात, ज्याला हसायचं त्यानं हसून घ्यावं.

"मूळचा कुठलाही भाग कापायचा नाही," राजवर्धन म्हणाला. "आणि सात दिवसांनंतर मला वर उत्तर द्यायचं आहे. कागद तरी, नाहीतर तक्रार तरी."

परत येताना नृसिंहला विचारलं, गाडीचं काय म्हणणं आहे. तो म्हणाला, "गाडी गारच असती, ताई. जानेवारीत वर दहा-अकरा डिग्री असतंय. चार किलोमीटर गेलं की केंद्र आलं, दूध मापून कॅन चढवंपर्यंत इंजिन बंद. परत चालू, परत बंद. उष्णतेचा काटा तळाला बसलेला असतोय, मलकापूर येईस्तवर उठत न्हाय."

हे मला पटलं. गार इंजिन म्हणजे गार ऑइल, आणि गार ऑइल हिवाळ्यातल्या काकवीसारखं घट्ट. इंजिन असो की गिअरबॉक्स, आतले दाते त्या काकवीतून फिरवायला जो जोर लागतो तो डिझेलमधूनच येतो. आणि गंमत अशी की त्याच वेळी सायलेन्सरमधून आग बाहेर पडत असते. जाळलेल्या डिझेलच्या धगीतला जवळपास तिसरा हिस्सा धुराबरोबर हवेत जातो. पुढं इंजिन कुडकुडतंय आणि मागं शेकोटी पेटलीय, पण शेकोटीजवळ बसायला कुणी नाही.

रोज सकाळी मी आमच्या मोरीतल्या तांब्याच्या बंबात चिपाडं घालते. बंबात मधून धुराची नळी जाते आणि तिच्याभोवती पाणी असतं. धूर वर जाता जाता पाणी तापवून जातो. त्या सकाळी मी पाणी काढायचं विसरून बंबाकडंच बघत उभी राहिले. आण्णा बाहेरून ओरडत होते की पाणी उकळलं.

दोन दिवसांत मी टेम्पोच्या सायलेन्सरच्या नळीवर बंब बसवला. इंजिनाजवळ, जिथं धूर सर्वांत गरम असतो तिथं नळीभोवती पोलादी कवच, कवचात इंजिनाचंच पाणी खेळतं ठेवलं. तिथं तापलेलं पाणी दोन जुन्या ऑइल कूलरमधून फिरवलं; एकात इंजिनाचं ऑइल, दुसऱ्यात गिअरबॉक्सचं. भंगारात मिळालेले ते कूलर आयुष्यभर ऑइल गार करत आले होते, मी त्यांना उलट्या कामाला लावलं. पाणी पुरेसं तापलं की धूर दुसऱ्या वाटेनं सोडायला एक झडप ठेवली आणि तिची दांडी केबिनमध्ये घेतली, म्हणजे घाटात चढताना उकळी नको. मूळचं काही कापलं नाही.

आण्णा स्टुलावरून बघत होते. "गाडी तापू ने म्हणून लोकं आपल्याकडं येत्यात," ते म्हणाले. "आन ही तापवाय निघाली. पाटी बदलून घे. बाळासो बंबवाले कर."

नृसिंहनं दोन दिवस गाडी चालवली. टाकी गळ्यापर्यंत भरायची, चौऱ्याऐंशी किलोमीटरची फेरी करायची, आणि परत गळ्यापर्यंत भरायला किती लागलं ते लिटरच्या मापानं मोजायचं. आधी सात पूर्णांक सात लिटर लागायचं. बंब बसवल्यावर सात पूर्णांक सहा लागलं. वाचलं ते चहाच्या एका कपात मावलं असतं.

मला रडू आलं नाही, राग आला. बंबातलं पाणी तापत होतं, मी हात लावून पाहिलं होतं. मग ती धग जात कुठं होती? आता हातात दोन दिवस होते. त्या संध्याकाळी मी नृसिंहच्या शेजारी टेम्पोत बसले आणि वर त्याच्या गावी मुक्कामाला गेले.

अनुजानं तांदळाची भाकरी आणि हुलग्याचं माडगं वाढलं. अंथरूण घालताना एवढंच म्हणाली, "आक्का, मी त्यांना सांगितलंय. नोकरी गेली तर जाऊ दे, दोन म्हशी हायत. पर सही केली तर मी त्या केंद्रावर परत बसणार न्हाय." ही दुसरी म्हैस त्यांनी तिच्या माहेरच्या मदतीनं घेतली होती, हेही मला तेव्हाच कळलं. राजवर्धनच्या टॅबमध्ये माहेर नव्हतं.

पहाटे गाडी निघाली. चौथ्या केंद्रावर बायका शेकोटीजवळ शेकत उभ्या होत्या, नृसिंह कॅन चढवत होता आणि मी बॉनेट उघडून इंजिनावर हात ठेवला. गार. मग सहज रेडिएटरवर हात ठेवला. रेडिएटर कोमट होता.

मी तिथंच थांबले. अठरा वर्षं रेडिएटरवर हात ठेवून पोट भरणाऱ्या बाईला हे कळायला हवं होतं. इंजिन गार असताना रेडिएटर गार बर्फ पाहिजे. तो कोमट आहे म्हणजे माझ्या बंबानं मिळवलेली सगळी धग पाणी थेट रेडिएटरकडं नेतंय, आणि रेडिएटर ती डोंगरच्या वाऱ्याला वाटतोय. मी बंब पेटवला होता आणि खालची तोटी उघडीच ठेवली होती. इंजिन तापेपर्यंत ती तोटी बंद ठेवायचं काम ज्याचं असतं त्याला थर्मोस्टॅट वॉल्व्ह म्हणतात.

"नृसिंह," मी म्हणाले, "गेल्या उन्हाळ्यात ही गाडी तापली होती न्हवं?"

"व्हय की. आंब्याच्या घाटात वाफ आलती. तुमच्याकडंच आणलती, एप्रिलात. तवापास्नं एकदा बी तापली न्हाय." त्यानं हे माझं कौतुक म्हणून सांगितलं.

बाकीच्या अठरा केंद्रांवर दर वेळी उतरून मी रेडिएटरला हात लावून पाहिला.

दुकानात पोचल्यावर मी स्टूल घेऊन तोरणाखाली उभी राहिले. फार शोधावं लागलं नाही. ४४१७. अक्षर माझं होतं. आण्णांचे डोळे अधू झाल्यापासून नंबर मीच कोरते, आणि माझ्या सातच्या पोटात आडवी रेघ असते. तिथं उभ्या उभ्याच नृसिंहला विचारलं की उदयसिंहच्या आणि मोहितच्या गाड्यांचे नंबर काय. त्यानं सांगितले. दोन्ही माझ्या डोक्यावर लोंबत होते.

मी ४४१७ सोडवला आणि पातेल्यात पाणी घालून शेगडीवर ठेवला. पाणी तापत गेलं, वॉल्व्ह मिटलेला. उकळी यायच्या जरा आधी तो हळूच उघडला. पातेलं खाली घेतलं, तो परत मिटला. चांगला ठणठणीत होता. एप्रिलात गाडी तापली होती ती रेडिएटरमध्ये गाळ बसला म्हणून. गाळ मी काढला होता आणि त्याबरोबर या बिचाऱ्यालाही काढलं होतं, कारण आमच्याकडं तशी पद्धत होती.

"आण्णा," मी म्हणाले, "डिझेल आपण खाल्लंय."

मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी पातेल्याकडं पाहिलं नाही.

"चाळीस वर्षं," ते म्हणाले. "चाळीस वर्षं मी वॉल काढतोय. एक गाडी परत आली न्हाय. आन तू मला पातेल्यात पाणी घालून शिकवणार?"

"परत आली न्हाय कारण गार पडून डिझेल पिती हे कुणी मोजलंच न्हाय. आता मोजाय लागलेत."

"गार इंजिन जास्त टिकतंय."

"गार इंजिन जास्त पितंय, आण्णा. आणि पिलेलं नृसिंहच्या नावावर लिवलंय. उदयसिंहच्या, मोहितच्या. त्या दोघांनी सही केलीय."

ते उठले, आत गेले आणि दार लावून घेतलं. मला आण्णांची कीव आली आणि रागही आला, आणि सगळ्यात जास्त राग माझा आला. वॉल्व्ह त्यांच्या शब्दावर निघाला होता, पण पाना माझ्या हातात होता.

नृसिंह तिथंच उभा होता. म्हणाला, "ताई, गपचीप वॉल बसवू या. गाडी सुधारली की झालं. आण्णांचं नाव कशाला?"

असा माणूस. याच्यावर पोलीस घालायला निघाले होते.

"खुळा हायस व्हय रं?" मी म्हणाले. "आज गपचीप बसवला आणि उद्या एक लिटर वाचलं, तर तो टॅबवाला काय म्हणेल? कागद बघून घाबरला आणि चोरी थांबवली. तुझी चोरी आपल्याच हातानं शाबीत हुईल. वॉल्व्ह बसवायचा आणि कुणी काढलता तेही सांगायचं. दुसरी वाट न्हाय."

वॉल्व्ह बसवला. मग राजवर्धनला फोन लावला. त्याला सांगितलं की उद्या पहाटे पाचला वर यायचं, टाकीला स्वतःच्या हातानं कुलूप लावायचं, किल्ली खिशात ठेवायची आणि फेरी संपेपर्यंत गाडीतून उतरायचं नाही. तो म्हणाला, इतक्या पहाटे कशासाठी. मी म्हणाले, तुमचा माणूस बारा वर्षं येतोय, तुम्ही एकदा या.

संध्याकाळी वर जायला निघाले तेव्हा दारावर तोरण नव्हतं. नुसते दोन खिळे. आण्णा आत भिंतीकडं तोंड करून पडले होते. तोरण त्यांनी लपवलं की भंगारात घातलं, हे मी विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही, हे खरं. त्या तोरणाशिवाय उदयसिंह आणि मोहितसाठी माझ्याकडं दुसरा पुरावा नव्हता.

राजवर्धन आला. मफलर, हातमोजे, टॅब. टाकी गळ्यापर्यंत भरलेली पाहिली, कुलूप लावलं, वर कागदाची चिकटपट्टी लावून सही केली. केबिनमध्ये आम्ही तिघं दाटीवाटीनं बसलो. दुसऱ्या केंद्रावर काटा तळाशीच होता. तिसऱ्या केंद्रावरून निघालो आणि काटा हलला. नृसिंहनं माझ्याकडं पाहिलं, मी समोर पाहिलं. पाचव्या केंद्रापर्यंत तो आपल्या जागी, मधोमध येऊन बसला आणि तिथंच राहिला. केंद्रावर इंजिन बंद केलं तरी पुढच्या चालूला तो तळाला गेला नाही. गिअर टाकताना रोज लागणारा जोर आज लागत नाही, असं नृसिंह म्हणाला. घाटात मी झडप फिरवली आणि धूर मोकळ्या वाटेनं सोडला.

"हे काय आहे?" राजवर्धननं विचारलं.

"बंब," मी म्हणाले. "तुमच्या घरी असतोय की. न्हाणीघरात."

वरची केंद्रं करून गाडी परत गावातूनच खाली येते; तिथं अनुजाच्या केंद्रावर तो उतरला नाही, पण काच खाली केली. साठ बायका किटल्या घेऊन उभ्या होत्या. आज साहेब गाडीत आहेत, हे त्यांना कळलं होतं आणि कशासाठी आहेत तेही. एकेकीनं किटली पुढं केली. अनुजानं नेहमीसारखं माप भरलं, फेस बसू दिला आणि कॅनमध्ये ओतलं. राजवर्धननं काच वर केली.

मलकापूरला पोचलो तेव्हा शीतकरण केंद्राच्या बाकावर आण्णा बसले होते. धोतर, टोपी, मांडीवर गोणपाटाची पिशवी. सकाळच्या पहिल्या एस.टी.नं आले असणार. माझ्याकडं त्यांनी बघितलं नाही. मीही आधी कामाला लागले.

राजवर्धननं चिकटपट्टी तपासली, कुलूप काढलं आणि माप हातात घेऊन स्वतः डिझेल ओतलं. सहा लिटर झाले. मग शंभर मिलिलिटरचं लहान माप. तीन ओतल्यावर डिझेल गळ्याशी आलं. त्यानं टॅबवर हिशेब केला आणि परत केला.

"तेरा पूर्णांक तीन," तो म्हणाला. "गेल्या वर्षीपेक्षाही जास्त."

"गेल्या वर्षीइतकं वॉल्व्हमुळं. वरचं बंबाचं."

"गाडी सुधारली, हे मान्य." त्यानं टॅब मिटला. "पण ताई, वर लोक काय म्हणतील? कागद ड्रायव्हरच्या हातात गेला आणि गाडी सुधारली. मागच्या नऊ महिन्यांचं काय?"

"मागचं आमच्या दुकानानं केलंय," मी म्हणाले. "एप्रिलात मी या गाडीचा थर्मोस्टॅट वॉल्व्ह काढून टाकला. तवापासून इंजिन गार चालत होतं आणि जास्त डिझेल पीत होतं. तुमची रेघ त्याच महिन्यात उतरलीय. नृसिंहनं थेंब काढलेला न्हाय. द्या तो कागद, मी सही करतो."

नृसिंहनं खिशातून कागद काढला. आठ दिवस घडीत राहून तो मऊ पडला होता. मी राजवर्धनच्या खिशातलं पेन घेतलं, तेवढ्यात मागून हात आला आणि पेन माझ्या बोटांतून गेलं.

"दुकानाच्या पाटीवर नाव कुणाचं हाय?" आण्णांनी विचारलं.

मी कागद त्यांच्यापुढं सरकवला.

"रेघ कुटं हाय ते दाव."

मी बोट ठेवलं. राजवर्धन म्हणाला, "आजोबा, हा कागद ड्रायव्हरसाठी आहे."

"ड्रायव्हर म्हणून कुटं लिवलंय? वाच की मोठ्यानं." तो वाचेना, तेव्हा आण्णांनीच पाठ म्हणून दाखवलं, पहिल्या दिवशी दुकानात मी तो चार वेळा तणतणत वाचला होता, तेवढ्यात त्यांना पाठ झाला असणार. "तुटीस मी जबाबदार आहे. व्हय, हाय. हा वॉल पाणी अडवतो म्हणून मी काढायचो. त्यानं अडवायचंच असतंय, हे मला काल राती मीच एक वॉल पातेल्यात उकळून बगितला तवा कळलं. यापुढे असे होणार न्हाय." आणि लोखंडावर कोरावं तशी, कागद पलीकडं उमटेल अशी त्यांनी सही केली. बाळासो.

मग पिशवी उघडून तोरण बाकावर ओतलं. रात्रभर बसून त्यांनी त्यातले नंबर शोधले असणार. वर दोन वॉल्व्ह वेगळे, लाल दोऱ्यानं बांधलेले. उदयसिंहचा आणि मोहितचा.

"ह्ये बी तुझ्याच गाड्यांचे," ते राजवर्धनला म्हणाले. "त्या दोघांचे कागद आण."

"ते कोल्हापूरच्या ऑफिसात आहेत."

"मग मागव. मी बसतो की."

आणि ते बसले. नृसिंह त्यांच्या एका बाजूला बसला, दुसऱ्या बाजूला मी. राजवर्धन फोन काढून बाजूला गेला. आम्हाला ऐकू येत होतं. आधी तो नुसतं हो सर म्हणत होता. नंतर म्हणाला, "नाही सर, मी स्वतः गाडीत होतो."

दुपारी एकला कागद आले. आण्णांनी दोन्ही कागदांवरच्या सह्यांवर आडवी रेघ मारली, खाली आपलं नाव लिहिलं आणि पेन राजवर्धनला परत दिलं. तोरण पिशवीत भरताना म्हणाले की उद्यापासून एकेका नंबराला फोन लावायचा, ज्याचा त्याला बसवून द्यायचा. दीडशे गाड्या होत्या. मी हो म्हणाले.

मग ते टेम्पोच्या इंजिनाच्या बाजूला गेले, कष्टानं वाकले आणि सायलेन्सरवरच्या माझ्या कामाकडं बराच वेळ बघत राहिले.

"डाग चांगला दिलायस," ते म्हणाले. "नृसिंह, मला कोल्हापूरला सोड. ह्यो बंब चालतोय कसा, बगू दे."